कराठीचा मूळपुरुष

"लिही," चंद्रभान पिंपळे डोळे मिटून म्हणाले, "'निरीक्षणात घार, तर्कात तलवार, गुन्हेगारांच्या उरात कायमची धडकी.' त्याखाली माझं नाव. त्याखाली मोबाइल नंबर."

"काका, कार्डावर एवढं मावणार नाही," दीपिका म्हणाली.

"मग नंबर काढ."

बोईसर-तारापूर रस्त्यावर दीपिकाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं. तीन वर्षांपूर्वी चंद्रभान पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला आले, पंख्याखालची खुर्ची बघून टेकले, ते अजून उठले नव्हते. त्या खुर्चीला ते 'अन्वेषण कार्यालय' म्हणत आणि दीपिकाला 'सहायक'. त्याआधी तीस वर्षं ते एका रंगाच्या कारखान्यात तपासनीस होते. आपल्या नजरेतून एकही सदोष ड्रम सुटला नाही, किंबहुना एकही ड्रमच सुटला नाही, असं ते अभिमानानं सांगत. तो कारखाना बंद का पडला, हे रहस्य मात्र त्यांनी कधी हातात घेतलं नाही.

दीपिका त्यांना सहन करी, कारण दुकानात गर्दी झाली की म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्यांचे फॉर्म तेच वाचून दाखवत. मोठ्यानं, न चिडता, दोन-दोनदा.

मंगळवारी ज्ञानेश्वरी एक फॉर्म घेऊन आली आणि झेरॉक्स काढता काढता रडायलाच लागली. चंद्रभाननी खुर्ची पुढे ओढली.

"खून?" त्यांनी आशेनं विचारलं.

"नाही हो. कराठी."

ज्ञानेश्वरीचा नवरा हितेश समुद्रकाठच्या एडवणचा, कराटेतला ब्लॅक बेल्ट. तिचा भाऊ कैलास कोल्हापूरकडचा, लाठी फिरवण्यात तयार. दोघं एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. मैत्री झाली, रोज सरावाला लागले आणि कराटे अधिक लाठी मिळून 'कराठी' जन्माला आली. मुलं शिकायला येऊ लागली. हितेशनं मित्राच्या बहिणीशी लग्न केलं. सगळं छान चाललं होतं, तोवर जिल्हा मेळाव्यानं प्रात्यक्षिकाचं आमंत्रण आणि सोबत हा फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता: 'संस्थापकाचे नाव'.

"दोघांची नावं लिहा की," दीपिका म्हणाली.

"मीही तेच म्हटलं. दोघंही म्हणाले, चालेल, पण माझं आधी."

ऑगस्टपासून क्लास दोन झाले होते. बेचाळीस मुलं, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. "दिवाळीत दादा भाऊबीजेला गेटपर्यंत आला," ज्ञानेश्वरी म्हणाली. "ओवाळणी वॉचमनच्या हातात दिली. मी तबक घेऊन जिना उतरेपर्यंत रिक्षा निघून गेली. शनिवारी सहा वाजता फॉर्म बंद होतोय. रविवारी पालघरला प्रात्यक्षिक. काहीतरी करा."

दीपिकानं चंद्रभानकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. पण लगेच ते म्हणाले, "वादाचं मूळ सात पावलांत आहे," आणि तिची सहानुभूती ओसरली.

सात पावलं म्हणजे कराठीचा प्राण. आधी मान खाली घालून एकदम वाकायचं. मग गुडघाभर उंच पाय उचलून पलीकडे टाकायचा. मग चवड्यांवर तीन चिमुकली, वेडीवाकडी पावलं. मग श्वास रोखून तोंड डावीकडे फिरवायचं. आणि शेवटी गर्रकन वळून दोन्ही हात डोक्यावर. हे ना कराटेत होतं, ना लाठीत. आपणच रचलं, असं हितेश आणि कैलास दोघंही छातीठोक सांगत होते.

बुधवारी दीपिकाच्या स्कूटीवरून अन्वेषण कार्यालय एडवणला गेलं. ओहोटीच्या चिखलात एक बगळा उभा होता. त्यानं पाय उचलला.

"गुडघाभर!" चंद्रभान कुजबुजले. "दीपिका, हितेश लहानपणी हे बघत वाढला!" आणि बगळ्याची चाल अंगात भिनवायला ते त्याच्यामागे चिखलात शिरले. थोड्या वेळानं बगळा उडाला. चंद्रभान उडू शकले नाहीत. कालवं काढणाऱ्या दोन बायकांनी त्यांना ओढून काढलं. डावी चप्पल तिथेच राहिली. "संशयाची सुई हितेशकडे," त्यांनी वहीत लिहिलं.

गुरुवारी सुई वाणगावकडे वळली. चंद्रभानच्या मते ही पावलं आदिवासींच्या तारपा नाचातली असणार. गोमा नावाच्या म्हाताऱ्या तारपावाल्यासमोर त्यांनी अंगणात सातही पावलं करून दाखवली. गोमा शांतपणे बघत राहिला.

"आमी असं नाय नाचत," तो शेवटी म्हणाला. "असं नाचला तं माणूस पडंल."

ते वाक्य पुरं व्हायच्या आत चंद्रभान पडले होते. गोमानं त्यांना उठवलं, ताडगोळे दिले आणि दीपिकाला बाजूला घेऊन विचारलं, "घरी कोणी हाय का यांना?"

"मी आहे," दीपिका म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

शुक्रवारी तारापूरच्या किल्ल्यापाशी उभं राहून चंद्रभाननी शोध लावला, की बुटक्या दारातून वाकून बाहेर पडणाऱ्या उंच पोर्तुगीज सैनिकाची ही चाल आहे. सुई थेट लिस्बनला गेली.

"मग फॉर्मवर काय लिहू? लिस्बन?"

"आडनाव लागेल," ते विचारात पडले.

शनिवारी दुपारी मात्र त्यांनी 'घटनेची पुनर्रचना' जाहीर केली. म्हणजे जिथे कराठी सुरू झाली, त्याच जागी सगळ्यांनी जमायचं. ती जागा म्हणजे एका दुमजली घराची गच्ची. सात वर्षांपूर्वी हितेश आणि कैलास तिथे खालच्या खोलीत भाड्यानं राहत. ज्ञानेश्वरीनं दोघांना शपथ घालून आणलं. ते एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

"दाजींना सांगा," कैलास चंद्रभानना म्हणाला, "वाकायचा पवित्रा लाठीचा हाय. मारा चुकवायला."

"कैलासला सांगा," हितेश म्हणाला, "की कराटेत वाकणं त्याच्या जन्माआधीपासून आहे."

"दाजी माझ्यापेक्षा चारच महिन्यांनी मोठे हायत, हेबी सांगा."

चंद्रभान मोजपट्टी तोंडात धरून सात पावलं चालून बघत होते. वाकले. पाय टाकला. तीन पावलं. तेवढ्यात घरमालकीण साखरबाई झाडू घेऊन जिन्यातून वर आली आणि दारातच थबकली.

"ह्या म्हाताऱ्याला माझी दोरी कुठं व्हती ते कसं म्हायीत?"

"कसली दोरी?" दीपिकानं विचारलं.

आठवडाभरात कुणी विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न होता.

"बोंबलांची," साखरबाई म्हणाली. "इथं बांधायची मी. हे दोघं सकाळी हातपाय झाडायला वर यायचे, तवा दोरीखालनं वाकून जायचे. बोंबलांना केस चिकटले तं गिऱ्हाईक घील काय? मग हा टाकीचा पाइप, त्याच्यावरनं पाय. मग खाली माझा जवळा, बारीक सुकट, वाळत असायचा."

"आणि ती तीन पावलं…" हितेश पुटपुटला.

"जवळा तुडवायचा नाय म्हणून! बोटांवर चालायचे दोघं, मांजरीवानी. त्या कोपऱ्यात सुक्या मासळीची टोपली. या कैलासला वास सोसायचा नाय. तो नाक बंद करून तोंड फिरवायचा. त्याचं बघून हा बी फिरवायचा. एडवणचा कोळ्याचा पोर, आन त्याला मासळीचा वास यायला लागला!"

"आणि शेवटचं वळणं?" चंद्रभाननी क्षीण आवाजात विचारलं. "दोन्ही हात डोक्यावर?"

साखरबाईनं हातातला झाडू नुसता उगारला. हितेश आणि कैलास एकाच क्षणी गर्रकन वळले आणि चार हात डोक्यावर गेले.

तसेच ते दोघं एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले, ऑगस्टनंतर पहिल्यांदा. आधी कैलासच्या नाकातून आवाज आला. मग हितेशच्या. मग दोघं खाली बसून इतके हसले, की कैलासला ठसका लागला आणि हितेश त्याच्या पाठीवर थापा मारत राहिला. ज्ञानेश्वरी पदर तोंडाला लावून जिन्यात जाऊन बसली.

"माझाही निष्कर्ष हाच होता," चंद्रभान दीपिकाला म्हणाले. "मासळी! बगळा काय खातो?"

संध्याकाळी पाच वाजता सगळे दुकानात जमले. रकाना अजून रिकामाच होता आणि भांडण परत सुरू झालं होतं.

"दाजींचं नाव आधी टाका."

"अजिबात नाही. कैलासचं."

"नाव साखरबाईंचं टाक गं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "नाहीतर दोघांना मी झाडू दाखवते."

दीपिकानं टाइप केलं आणि विचारलं, "साखरबाई, आडनाव?"

"मला कोण आडनावानं हाक मारतं?" साखरबाई म्हणाली. "साखर म्हणून लिव. पण बाईबी लाव. पालघरला जायाचं हाय."

चंद्रभाननी चष्मा लावून पूर्ण फॉर्म तिला वाचून दाखवला. मोठ्यानं, दोनदा. सहाला तीन मिनिटं असताना तो ऑनलाइन गेला.

रविवारी पालघरच्या मैदानावर बेचाळीस मुलं पुन्हा एका रांगेत उभी होती. हितेश एका टोकाला, कैलास दुसऱ्या. पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर हिरवं लुगडं नेसलेली साखरबाई, एका बाजूला दीपिका आणि दुसऱ्या बाजूला नव्या चपला घातलेले चंद्रभान.

शिट्टी वाजली. बेचाळीस माना एकदम खाली गेल्या. बेचाळीस पाय गुडघाभर उचलले गेले. मोकळ्या, सपाट मैदानात मुलं चवड्यांवर, जपून, वेडीवाकडी पावलं टाकत निघाली.

साखरबाई मातीकडे टक लावून बघत होती. तिनं दीपिकाचा हात घट्ट धरला.

"बघ गं," ती हळूच म्हणाली. "एकाचाबी पाय नाय पडला जवळ्यावर."