थेंब की फवारा

आमच्या शेजारचे डॉक्टर चौधरी, म्हणजे नाना, माणसाचं आधी नाक बघायचे, मग तोंड. पहिल्या भेटीत मला म्हणाले, "डावी नाकपुडी चोंदलेली दिसते." नाव त्यानंतर विचारलं.

नाना मूळचे धुळ्याकडचे. जळगावात ऑपरेशनआधी भूल द्यायचे. पोरांना सुई टोचण्याआधीच गुंगी यावी, आईच्या कडेवरून नेताना त्यांनी रडू नये, म्हणून नाकातून औषध. पण ते थेंबानं सोडावं की फवारावं? नव्वदनंतरची काही वर्षं नानांना दुसरा विषयच नव्हता. लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी बाजूला सारून सुरू व्हायचे, "कपाशीवर औषध बादलीनं ओततात का? फवारतात! थेंब घशात उतरतो, पोरगं थुंकतं. फवारलेलं बठ्ठं जिरतं." बठ्ठं म्हणजे सगळं, धुळ्याचा हा शब्द त्यांनी जळगावात काही सोडला नाही. रविवारी एका नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे थेंब, दुसरीत फवारा घेऊन ओट्यावर आडवे व्हायचे. आम्ही शेजारी त्या दिवशी मागच्या दारानं जायचो. न जाणो, आपलंही नाक धरायचे.

औषध किती भिनलं हे तपासायची त्यांची रीत न्यारीच. गुंगीतलं पोराला पुढे आठवत नाही. म्हणून फवारा सिस्टर द्यायच्या, नाना दाराआड थांबायचे, आणि गुंगी चढू लागली की पुढे यायचे. दुसऱ्या दिवशी वॉर्डात पोरासमोर नुसते उभे. पोरगं ओळखून बोंबललं, तर औषध वाया. ओळखलंच नाही, तर नाना खूश. ओळख विसरली म्हणून एवढा आनंदणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बायकोपोरं नव्हती, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, तरी गडी कायम मजेत.

रावेरच्या माझ्या बहिणीच्या मुलाचं, पिंट्याचं, हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. "भाऊ, हा मले सोडून कुठंच जात नाही रे," ती रडकुंडीला आली होती. फवारा दिला. थोड्या वेळानं नाना आले, त्यांनी पिंट्याला मांडीवर घेतलं. तो झुलत झुलत हसायला लागला.

"मले ट्रक पाह्यजे. केळीचा."

"लई येसू भो, लई येसू," घेऊन येतो, असं नानांनी धुळ्याच्या बोलीत कबूल केलं.

पिंट्या त्यांच्या खांद्यावर मान टाकून आत गेला. रडली ती बहीण.

दुसऱ्या दिवशी नाना खाटेसमोर उभे राहिले. पिंट्यानं परक्याकडे बघावं तसं बघितलं आणि आईच्या पदरात तोंड लपवलं.

"बठ्ठं जिरनं!" नानांनी माझ्या पाठीत थाप मारली.

जिन्यापाशी मात्र ते रेंगाळले. पिशवीतून एक लाकडी ट्रक काढला, मागे पिवळे कागदी घड भरलेला, आणि माझ्या हातात ठेवला. "तुम्ही आणला म्हणा."

मी म्हणालो, "नाना, त्याला तर मागितलेलंसुद्धा आठवत नाही."

"त्याला नाही आठवत," नाना म्हणाले. "पण मी कुठं फवारा घेतला होता?"