सलाइन, शेख आणि न प्यालेली कॉफी

नाईफ मास्तरांनी कॉफीचा कप ओठांना न लावता शेजारच्या तिवईवर ठेवला, आणि सलाइनच्या त्या खोलीत एकाएकी गंभीर शांतता पसरली.

वस्तुतः मास्तरांच्या मनात काहीही नव्हते. मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहाने ते गांजलेले होते, आणि दर दोन महिन्यांनी सल्त शहरातल्या या रुग्णालयात येऊन, आरामखुर्चीत पहुडून, शिरेवाटे थेंबथेंब औषध स्वीकारणे हा त्यांचा नित्यविधी झाला होता. औषध उतरण्यास दोन तास लागत, आणि शौचालय लांबलचक बोळाच्या पार टोकाला. अशा बद्ध अवस्थेत कॉफी प्राशन करणे म्हणजे स्वहस्ते आपल्या अब्रूला निरोप देणे होय, हे त्यांना पूर्वानुभवाने ज्ञात होते.

परंतु कप देणारे होते शेख मिस्लेह. व्याधी तीच, मात्र औषधाची वेळ पहिलीच. त्यांच्यासमवेत तीन पुत्र आणि वेलदोड्याच्या कॉफीची भली थोरली किटली आली होती. आणि जेथे त्यांची किटली, तेथे तेच यजमान. आमच्याकडे पाहुण्याने कप न पिता खाली ठेवला, की त्याचे काही मागणे आहे असे समजतात. मागणे मान्य झाल्यावाचून तो पीत नाही. आणि मान्य झाल्यावर न पिणे हा यजमानाचा घोर अपमान.

"बोला मास्तर," शेख छाती पुढे काढून म्हणाले, "काय मागणं आहे?"

"मागणं कसलं हो? पोट जरा नाजूक आहे, इतकंच."

"पोटाचं निमित्त करतायत," थोरला फव्वाज बापाच्या कानाशी लागून, पण साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "भिडस्त माणूस आहे, बाबा. लग्नाचं असणार."

शेखांची दृष्टी मास्तरांच्या सोबतीला आलेल्या तरुणावर स्थिरावली. "हा मुलगा तुमचा? लग्न झालंय?"

"वद्दाह? नाही अजून, पण..."

"समजलो! दिली!"

"काय दिली?"

"माझी धाकटी, अन्हार! तुमच्या पोराला दिली. प्या कॉफी!"

वद्दाहने मोबाइलमधून मान वर केली. "बाबा, मी नुसता गाडी चालवायला आलो होतो!"

"अहो शेखसाहेब, माझं ते मागणं नव्हतंच," मास्तर काकुळतीने म्हणाले.

"म्हणजे मुलगी पसंत नाही?" शेखांचा स्वर उतरला. तिघे पुत्र एकसमयावच्छेदेकरून उभे राहिले.

"पसंत कशी नाही? म्हणजे, मी पाहिलेलीच नाही..."

"न पाहताच नको म्हणता?"

"नको कुठं म्हणालो? आधी तिला तरी विचारा!"

"ते घरी विचारू. पण मग तुमचं मागणं काय? ऑलिव्हची बाग? मेंढ्या? लाजू नका. या पांढऱ्या दाढीची शपथ, तोंडातून निघेल ते दिलं!"

इतक्यात सिस्टर सिहाम सुईचा ट्रे घेऊन आल्या. "शेखसाहेब, हात द्या बघू. सकाळपासून मागतेय. आधी नमाज म्हणालात, मग नाश्ता म्हणालात."

"बाई, इथं दोन घराण्यांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. सुईला काय घाई?" असे म्हणून शेखांनी हात अंगरख्याच्या बाहीत अधिकच आत ओढून घेतला. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने पंचक्रोशीतील भांडणे मिटत, त्यांचे डोळे त्या सुईकडे पाहून कोकरासारखे झाले होते.

मास्तरांच्या अंतःकरणात प्रकाश पडला. सुईचे मागणे शेख काही मान्य करायचे नाहीत. आणि मागणेच फेटाळले गेले, तर कप तसाच राहील.

"सांगतो," ते म्हणाले. "हात पुढे करा आणि सिस्टरना सुई टोचू द्या. हेच माझं मागणं."

"मास्तर," शेख क्षीण स्वरात म्हणाले, "बाग घ्या हो."

"नको."

"बागेबरोबर मेंढ्या?"

"सुई."

शेखांनी पुत्रांकडे पाहिले, पुत्रांनी छताकडे. शपथ दाढीची होती. त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केला, आणि सुई शिरताच दिवंगत मातेचे नाव घेतले. औषधाची नळी जोडली गेली. मग विजयी वीराप्रमाणे नेत्र उघडून ते गरजले, "दिलं! आता प्या!"

मास्तर स्वतःच्याच बुद्धीचे बळी ठरले होते. त्यांनी तो कप रिता केला. वद्दाहने सपाता सरळ करून समोर ठेवल्या. सारी खोली श्वास रोखून मास्तरांच्या उदराकडे पाहू लागली.

काहीच घडले नाही. महिनोन्महिने थेंबाथेंबाने उतरलेल्या औषधाने आपले कार्य केव्हाच सिद्धीस नेले होते. पडताळून पाहण्याचे धैर्य तेवढे मास्तरांना झाले नव्हते.

"अर्धा कप आणखी मिळेल का?" त्यांनी भीतभीत विचारले.

त्याच क्षणी दूरस्थ मेघगर्जनेसारखा ध्वनी उमटला. सर्वांच्या नजरा मास्तरांकडे वळल्या. मास्तरांनी नम्रपणे शेखांकडे बोट केले. सकाळपासून यजमानांनी प्रत्येक पाहुण्याला सोबत म्हणून स्वतः एकेक कप घेतला होता.

"कुठल्या टोकाला आहे ते?" शेखांनी दातांवर दात दाबून विचारले.

आणि यात्रा निघाली. फव्वाजने सलाइनचा खांब उचलला, मधल्याने अंगरख्याचा घोळ सावरला, धाकटा "वाट द्या, वाट द्या!" ओरडत पुढे धावला. बोळातल्या एका आजीबाईंना वाटले की नवरदेवच चालला आहे. त्यांनी जीभ हलवून मंगलध्वनी केला, आणि दोन्ही बाजूंच्या बाकांवरून टाळ्या पडल्या.

बऱ्याच वेळाने शेख परतले ते पुष्कळ निवळलेले. ते खुर्चीत टेकताच फव्वाजने सवयीने कप भरून त्यांच्या हाती दिला. शेखांनी तो न पिता तिवईवर ठेवला.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "आता माझं मागणं आहे. बोळात जे झालं, ते गावात कुणाला कळता कामा नये."

मास्तरांना गहिवरून आले. उजवा तळवा छातीवर ठेवून ते म्हणाले, "दिलं, शेखसाहेब! अगदी मनापासून दिलं!"

शेखांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"आता प्या," मास्तर म्हणाले.