ड्रॅगनचा घसा

"बारा माणसं? बाराच?" कप्तान कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बाई, तुम्ही फक्त खुर्च्या कमी पडणार नाहीत तेवढं बघा!"

कप्तान म्हणजे जहाजावरची नव्हे, दहावी ब मधली. गेल्या महिन्यात तिला वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला अधूनमधूनच लागत होते. आता तिला ग्रंथालयाच्या सभागृहात खेळाचा दिवस भरवायचा होता. खेळ असा, की एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि काय करायचं ते स्वतः ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगणार. गोष्ट सांगणारी अर्थातच कप्तान! चाळीस पानं तयार होती. त्यातली अकरा नुसती ड्रॅगनशी लढाईची!

ग्रंथपाल बाईंनी दोनच अटी घातल्या. "बाराच्या ठोक्याला बारा माणसं दिसली पाहिजेत. आणि आवाज चालणार नाही. जमलं तर दर महिन्याचा पहिला रविवार तुझा. नाहीतर पुन्हा विचारायलासुद्धा यायचं नाही." बाईंच्या धाकाने तिथला पंखासुद्धा दबकत फिरायचा.

कप्तानने झकास जाहिरात लिहिली. 'शहरावर संकट! आग पसरते आहे! जखमी रस्त्यात पडले आहेत! तुमची गरज आहे! रविवारी सकाळी दहा, ग्रंथालयाचं सभागृह.'

"अगं, यात खेळ आहे असं कुठे लिहिलंयस?" तिची जिवलग मैत्रीण झिपरी म्हणाली.

"उत्सुकता म्हणतात त्याला! सगळं सांगितलं तर येईल कोण?"

एक प्रत कप्तानच्या मावशीने नेली. मावशी इस्पितळात नर्स. तिने न वाचताच ती फलकावर लावली, ड्यूटीच्या तक्त्याशेजारी.

रविवारी दहाला पाच कमी असताना वर्गातल्या सगळ्यांचे निरोप आले. क्लासने अचानक चाचणी ठेवली होती! सभागृहात उरल्या कप्तान, झिपरी आणि तीस रिकाम्या खुर्च्या.

"संपलं," झिपरी म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं आणि आत शिरल्या आठ नर्स, कडक इस्त्रीच्या गणवेशात! मागे रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर स्ट्रेचरसकट, आणि त्याच्यामागे हेल्मेट घातलेला अग्निशमन दलाचा जवान. त्या आठजणींत सगळ्यांत पुढे मोठ्या सिस्टर, ज्यांना पाहून डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढत. आठवी मावशी, सगळ्यांत मागे, कपाळाला हात लावून.

"आपत्कालीन सराव इथेच ना? कोण घेणार?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

कप्तानने भरभर मोजलं. दहा. ती आणि झिपरी धरून बारा! खरं सांगितलं तर उरणार दोन.

"मी," ती म्हणाली. बक्षीसविजेता आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"जखमी किती?"

चाळीस पानांत हे कुठेच नव्हतं! "स... सतरा."

"आग कशाने लागली?"

"ड्रॅगनने."

ड्रायव्हरने मान खाजवली. मोठ्या सिस्टरांनी पेन उघडलं. "वजन?"

"कुणाचं?"

"ड्रॅगनचं. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं."

आणि मग जे झालं, ते कप्तान तोंडाचा आ करून बघतच राहिली. टेबलांचे रस्ते झाले. जवानाने खुर्च्या सरकवून कुठून माणसं बाहेर काढायची ते आखलं. एकही आज्ञा दोनदा द्यावी लागली नाही. फासा टाकून नर्स अशा वाकून बघत, जणू नाडी लागते का तेच बघताहेत! सतराच्या सतरा वाचले. लढाईची अकरा पानं हातात धरून कप्तान तलवारीची वाट बघत होती, पण तलवार कुणी उपसलीच नाही. सगळे ड्रॅगनकडे चालत गेले. म्हणजे तिच्याकडेच, कारण गोष्टीतला ड्रॅगन तीच होती.

"आ कर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि टॉर्च लावला. "घसा बघा किती सुजलाय! ठसका लागला की आग बाहेर पडते. हा हल्ला नाही. हा खोकला आहे."

कप्तानच्या अंगावर सरसरून काटा आला. चाळीस पानं लिहिली, पण ड्रॅगन आग का ओकतो, हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं!

"रुग्णाला झोप हवी. सगळ्यांनी कुजबुजत बोला."

बाराच्या ठोक्याला ग्रंथपाल बाई दार ढकलून आत आल्या. "काय चाललंय—"

"शूऽऽ!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

बाईंना आयुष्यात कुणी गप्प केलं नव्हतं. त्या चवड्यांवर चालत आल्या आणि बसल्या. औषध लागू पडायला वीस बाजूंच्या फाशावर पंधराच्या वर आकडा हवा होता. फासा घरंगळत निघाला.

"वाचेल का हो?" बाईंनी हळूच विचारलं.

सोळा! सगळं सभागृह कुजबुजत ओरडलं.

कप्तानला राहवलं नाही. "सिस्टर, हा सराव नव्हता. खेळ होता. मी खोटं बोलले."

"ड्रॅगन म्हणालीस तेव्हाच कळलं मला. म्हणून काय रुग्णाला टाकून जायचं?" त्यांनी एक कागद तिच्या हातात दिला. "पुढच्या जाहिरातीत खरं लिही. आम्ही येऊ."

पहिला रविवार कप्तानला मिळाला. तो कागदही तिने भिंतीवर लावला आहे. 'सराव मूल्यमापन. पथक उत्तम. गोष्ट उत्तम. संचालिका बोलते फार.'

शेवटची ओळ तेवढी कॅलेंडरच्या मागे गेली आहे. भिंतीवर जागाच नव्हती हो!