वाढत्या अंगाचं रॉकेट

पार्सल येण्याआधीच कांतीलाल शिंप्याने कापणीचं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. शाळेच्या गणवेशांचे ढीग खाली, कात्रीला नवी धार, गळ्यात टेप, आणि दारावर ‘आज दुकान बंद’ अशी पाटी. जव्हारच्या बाजारात हे दुकान सुतकाशिवाय कधी बंद राहिलेलं नव्हतं, त्यामुळे शेजारी एकेक करून चेहरा पाडून चौकशीला येऊन गेले.

“कोणी गेलेलं नाही,” त्याची बायको जानकी प्रत्येकाला सांगत होती. “ह्यांचं रॉकेट यायचंय.”

रॉकेटचं वेड जुनं होतं. कांतीलालने सगळं आयुष्य मशीनवर बसून शर्ट आणि चड्ड्या शिवण्यात घालवलं, पण पंख्याच्या वाऱ्याने एखादं हलकं कापड टेबलावरून उचललं गेलं की त्याचा मशीनच्या पायडलवरचा पाय थांबायचा. कापड खाली बसेपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहायचा. आपल्या हातची एखादी वस्तू एकदा तरी वर जावी आणि थोडा वेळ वरच राहावी, एवढीच त्याची इच्छा होती. चड्ड्यांच्या बाबतीत ती पुरी होण्यासारखी नव्हती. म्हणून ठाण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने, परागने, “बाबा, साठीला काय पाठवू?” असं विचारलं, तेव्हा त्याने लाजत लाजत सांगितलं, “रॉकेट पाठव. बनवायचं.”

खोक्यातून निघालं ते बनलेलंच निघालं. पुठ्ठ्याची एक नळी आणि एक लाल टोपण. टोपण नळीत दाबलं की रॉकेट तयार.

“झालं?” जानकीने विचारलं. तिने गॅसवर ठेवलेल्या चहाला अजून उकळीही आली नव्हती.

“झालं,” कांतीलाल म्हणाला. त्याने टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. तेवढंच बनवल्यासारखं वाटलं.

परागला फोन लावला तर तो खुशीत होता. “मुद्दाम सोपं बघून पाठवलं, बाबा. तुम्हाला काही करायलाच नको.”

“उपकार झाले रे बाबा,” कांतीलाल म्हणाला आणि फोन ठेवून धार लावलेल्या कात्रीकडे बघत बसला.

संध्याकाळी त्याला पॅराशूट सापडलं. नळीत खुपसलेला प्लास्टिकचा तुकडा, पापडाएवढा. रॉकेट वर गेलं की टोपण उडणार, हा तुकडा उघडणार आणि त्याला लटकून सगळं हळूहळू खाली येणार, असं खोक्यावरच्या चित्रात दाखवलं होतं. कांतीलालने तुकड्याला टेप लावला आणि त्याचा चेहरा उजळला.

“तोकडं आहे,” तो म्हणाला.

आता जव्हारमध्ये कुणालाही विचारा. कांतीलालकडे शिवलेली पहिलीतली चड्डी मूल चौथीत जाईपर्यंत घालतं. पोरं वाढत्या अंगाची असतात, म्हणून तो कापड दुमडून, आत मार्जिन ठेवूनच शिवतो. त्याच्या हातून कुठलीही वस्तू मापाची शिवली जात नाही.

“अहो, रॉकेट काय वाढणार आहे?” जानकी म्हणाली.

“तू गिऱ्हाइकासारखं बोलू नकोस.”

त्याने पॉपलीन पाहिलं, ते नळीत मावेना. अस्तर पाहिलं, ते जड. रात्री जानकी आत स्वयंपाकाला गेली आणि त्याचं लक्ष हॅंगरवर गेलं. तिथे समृद्धीची ओढणी लटकत होती, आकाशी शिफॉनची. बाजारामागे राहणाऱ्या समृद्धीचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साखरपुडा होता. ओढणी लेस लावून तयार होती, फक्त न्यायची बाकी होती. पंख्याच्या वाऱ्यावर ती एकटीच हलत होती.

गिऱ्हाइकाच्या कापडाला त्याने आजवर शिवण्याखेरीज हात लावलेला नव्हता. पण कात्री लावायची नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. कडेने नुसता कच्चा दोरा घालायचा, चुण्या ओढायच्या, कोपऱ्यांना मजबूत नाड्या टाचायच्या. उद्या दुपारी एकदा उडवायचं, दोरे काढायचे, इस्त्री फिरवायची. समृद्धीला कळणारही नाही. ओढणी मुठीएवढी होऊन नळीत बसली आणि कांतीलालला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं गावाबाहेर दरीच्या कडेला गेली. शेपटीत भरायची बारूदाची कांडी खोक्यात एकच आली होती, त्यामुळे उड्डाणही एकच. कांतीलालने स्वच्छ शर्ट घातला होता. त्याने देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. रॉकेटने जरा विचार केला, फुसफुसलं आणि एखाद्या घराच्या कौलांएवढं वर गेलं. तिथे ‘फट्’ असं झालं आणि नळी तुटून खाली पडली. शिंक येऊन जावी तेवढ्यात सगळं आटपलं.

पण ओढणी उघडली. ती भरपूर मार्जिन ठेवून शिवलेली होती. दरीतून वर येणारा वारा तिच्यात भरला आणि लाल टोपण घेऊन ती संथपणे कड्यापलीकडे निघाली. आकाश आणि ती एकाच रंगाची होती, त्यामुळे मधूनमधून नुसतं टोपणच तरंगताना दिसे. कांतीलालच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघ,” तो म्हणाला, “येतच नाही खाली.”

“अहो,” जानकी म्हणाली, “ती समृद्धीची ओढणी आहे ना?”

तेव्हा कुठे कांतीलाल जमिनीवर आला.

जामसरच्या वाटेला मंगेशची जीप सीटा भरायची वाट बघत उभी होती. मंगेशने ओढणी जाताना पाहिली होती. “काका, ते तुमचं होतं? खालच्या पाड्याकडं गेलं. बसा.” जानकीने धावत घरी जाऊन आपली जुनी सुती साडी आणली, चिखलातून ओढणी काढली तर गुंडाळायला काहीतरी हवं. सुई-दोरा कांतीलालच्या खिशात असतोच. वाटभर कांतीलाल खिडकीतून झाडांचे शेंडे बघत होता आणि जानकी कांतीलालकडे बघत होती. ते बघणं काही प्रेमाचं नव्हतं.

ओढणी झाडावर नव्हती. पाड्यातल्या सुकी नावाच्या बाईच्या घरात ती आढ्याला टांगलेली होती आणि तिच्यात सुकीचं तान्हं पोर झोपलं होतं. वर लाल टोपण खुळखुळ्यासारखं लोंबत होतं. कांतीलाल तोंड उघडणार तोच सुकीने ओठांवर बोट ठेवलं.

“लाडक्या निजलाय,” ती कुजबुजली. “दात येतान त्याला. किती दिस डोळा लागला नव्हता, त्याचा नाय न आमचा नाय. ही वरून आली. चारी बाजूंनी नाड्या, कडंला चुणी. झोळीच ती. टाकला तिच्यात, तं गप निजला.”

“ती आमची आहे, बाई,” कांतीलाल कुजबुजला.

“मी कुठं नाय म्हनते? त्याला उठू दे न घेऊन जा.”

“कधी उठेल?”

“आता निजलाय तो,” सुकी समाधानाने म्हणाली. “रातच्याला उठल.”

इतक्यात कांतीलालचा फोन खणखणला. लाडक्याने हात झाडले. सुकी, जानकी आणि दारातला मंगेश, तिघांनीही कांतीलालकडे असं पाहिलं की त्याने फोन छातीशी दाबून तसाच उचलला. समृद्धी होती.

“काका, दुकान बंद? माझी ओढणी?”

खोटं बोलायला मोठा आवाज लागतो. हळू आवाजात कांतीलालला खरंच बोलता येत होतं. “ताई, तुमची ओढणी मी उडवली.”

“उडवली म्हणजे?”

“हवेत. रॉकेटला बांधून. चुकलं माझं. आता तिच्यात एक बाळ झोपलंय.”

मग समृद्धीनेही आवाज खाली आणला, जणू बाळ तिच्याच मांडीवर होतं. “उठवू नका हो त्याला. पण काका, संध्याकाळी पाहुणे यायचेत. मी डोक्यावर काय घेऊ?”

कांतीलालने फोन ठेवला आणि झोळीभोवती एक फेरी मारली, गिऱ्हाइकाचं माप घेताना मारतो तशी. मग त्याने जानकीपुढे हात केला. “साडी दे.”

साडी दुहेरी करून त्याने झोळीखालून घेतली, तिची टोकं आढ्याला बांधली आणि सुई काढली. झोपलेल्या पोराच्या भोवती तो बाहेरून टाके घालत गेला. जानकी साडी धरून होती, मंगेश श्वास धरून. साडीने पोराचं वजन घेतलं तशी कांतीलालने ओढणीची एकेक नाडी सोडली आणि शिफॉन चिमटीत धरून इंचाइंचाने बाहेर सरकवलं. मध्ये एकदा लाडक्याने डोळे उघडले, कांतीलालकडे पाहिलं, त्यात काही विशेष न वाटून पुन्हा मिटले. ओढणी सुटली. झोळी हलकेच झुलली.

“लय मोठी केली,” सुकी म्हणाली.

“वाढत्या अंगाचा आहे,” कांतीलाल म्हणाला.

मग जीपकडे धावायचं सोडून तो तिथेच उभा राहिला. जानकीने दोनदा बाही ओढली. तिसऱ्यांदा तिने झोळीकडे पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तीही जरा थांबली. तिला त्याचा राग आला होता हे खरं, पण त्या क्षणी तो तिला सापडेना.

परतताना जानकीने जीपमध्येच दातांनी दोरे काढले. एका कोपऱ्याला लाडक्याचं काजळ लागलं होतं. जीप समृद्धीच्या दारात थांबली तरी ती ते पुसतच होती, तर समृद्धीने ओढणी तिच्या हातातून घेतली. “राहू द्या, काकू. दृष्ट लागायची नाही.”

रविवारी परागचा फोन आला. “बाबा, रॉकेट किती वर गेलं?”

कांतीलालने विचार केला. मंगेश रोज त्या वाटेने जातो आणि रोज खबर आणतो. लाडक्या अजून कांतीलालने शिवलेल्या त्याच झोळीत झोपत होता.

“जमिनीपासून कमरेएवढं,” तो म्हणाला.

“एवढंच? फसवलं की लोकांनी. परत करू या का ते?”

“आता कसं करणार?” कांतीलाल म्हणाला. “अजून खाली उतरलेलं नाही.”