नव्वद टक्के जुळणारा माणूस

कारकुनाला मित्र नव्हता आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नव्हतं. दुःख होतं बायकोला. "अहो, सुट्टीभर माझ्या मागेमागे फिरता. कुठे एखादा माणूस जोडा," असं म्हणून तिने त्याच्या फोनमध्ये एक ॲप घातलं. आपण कुठे जातो, कशाला लाइक करतो ते पाहून ते म्हणे जवळपासचा समानशील माणूस शोधून देतं.

आवडींच्या रकान्यात कारकुनाने 'वाचन, व्यायाम, चिंतन' ठोकून दिलं. (चिंतन त्याने एकदाच केलं होतं, लिफ्टमध्ये अडकला तेव्हा.) पण ॲप त्याच्याहून वस्ताद. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून हा गृहस्थ रोज संध्याकाळी 'फिरायला' म्हणून टाकीमागच्या बेकरीत जातो, हे त्याने बरोबर हेरलं आणि 'फिरस्ता' नावाचा माणूस गळ्यात बांधला. आवडी नव्वद टक्के जुळत होत्या. फिरस्ताही बेकरीतच फिरायचा, फक्त सकाळी.

दोघांची अशी गट्टी जमली की विचारू नका.

"आमच्या घरात एक माणूस आहे," कारकुनाने लिहिलं, "पेपर आधी स्वतः वाचतो आणि मला चोळामोळा करून देतो."

"आमच्याकडचा तोंडाला कुलूप लावून बसतो. समोर असला की घड्याळाची टिकटिक ऐकू येते."

"सहन कसं करता?"

"मुलीकडे बघून. तुम्ही?"

"बायकोकडे बघून."

कारकुनाला भरून आलं. आपलं मन इतकं कोणीच ओळखलं नव्हतं. भेटायचं त्यानेच सुचवलं.

बेकरीत कोपऱ्यातल्या टेबलाशी केकचे दोन तुकडे मागवून सासरे बसले होते. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडेच राहत.

"जावईबापू, तुम्ही इकडे?"

"एक मित्र यायचाय, बाबा. तुम्ही?"

"माझाही."

कारकुनाने घाईघाईने 'पोचलो' असं लिहिलं, तर सासऱ्यांचा फोन वाजला. केक मात्र दोघांनी संपवला आणि ते वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेले.

जेवताना बायकोने सहज विचारलं, "बाबा, तुमच्या फोनमध्येही मी ते घातलं होतं ना? मिळालं का कोणी?"

सासऱ्यांनी समोर बसलेल्या जावयाकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"मिळाला होता गं. लाखात एक माणूस. भेटायची दुर्बुद्धी झाली आणि हातचा गेला."