नावं झाकणारे शशीकाका

तिन्हीसांज झाली की आमच्या वाचनालयातले शशीकाका कुणालाही नावाने हाक मारत नाहीत. "ओ, रहस्यकथा! छत्री राहिली तुमची!" असं ओरडतात. ज्याने जे पुस्तक नेलं, तेच त्याचं नाव. बँकेतल्या साहेबांना एकदा भर दारात "ओ, वजन घटवा!" म्हणाले. साहेब महिनाभर फिरकले नाहीत.

संध्याकाळी नावाने हाक मारू नये, भलतंच कुणीतरी 'ओ' देतं, हे रत्नागिरीत सगळेच म्हणतात. पण काकांनी हा नियम ईमेललाही लावला होता. दर महिन्याला सभासदांना नव्या पुस्तकांची यादी जाते. ती पाठवताना काका आधी खिडकी लावून घेत. मग 'टू'मध्ये वाचनालयाचाच पत्ता, आणि झाडून सगळे सभासद 'बीसीसी'त. म्हणजे यादी सर्वांना, पण कुणाचा पत्ता कुणाला दिसत नाही. मी त्यांच्या हाताखाली काम करते. माझा कर्सर चुकून 'सीसी'कडे, म्हणजे जिथे सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात तिकडे, गेला तरी दचकत, "हात काढ गो बाय! नाव उघड्यार टाकू नये. कोण वाचील, सांगता येत नाय."

मी हसायची. पण एका गोष्टीचं हसू येत नसे. यादी गेली की त्याच दिवशी, दिवेलागणीला, एक उत्तर यायचं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्त्यात नुसते आकडे, आणि आत काहीच नाही. कोरं. मिरकरवाडा बंदराकडून वारा सुटलेला, कपाटांच्या काचा थरथरतायत, आणि पडद्यावर ते कोरं पत्र. काका त्याच्याकडे टक लावून बघत, हात जोडत आणि दाराला कुलूप लावायला उठत.

"काका, बंद करून टाका तो पत्ता. भूतबीत असायचं."

"असू दे. यादी मिळू दे तिला."

'तिला' ऐकून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

गेल्या महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून यादी मी पाठवली. घाईत सगळे पत्ते 'सीसी'त चिकटवले. बटण दाबणार तोच काकांचं "हात काढ" आठवलं आणि पत्ते खाली 'बीसीसी'त हलवले. संध्याकाळी काका हिरवी पट्टी लावून डोकावले, तेव्हा ही गंमत मी त्यांना सांगितली.

काका मटकन स्टुलावर बसले.

"गेली ना नीट? बघितलंस ना?" तीनदा विचारलं. मग सांगू लागले. त्यांची भाची नवऱ्याचा मार चुकवून दुसऱ्या गावी गेली होती. नवी नोकरी, नवा ईमेल. पत्ता फक्त मामाला माहीत. वाचायचं वेड, म्हणून मामाने तिला यादीत घातलं आणि एका महिन्यात सगळ्यांना 'सीसी' केलं. तिच्या ईमेलमध्येच कचेरीचं नाव होतं. नवराही आमचा सभासद. चौथ्या दिवशी तो कचेरीच्या फाटकात उभा. ती मागच्या दाराने निघाली, ती गाव सोडूनच गेली. वर्षभराने त्या आकड्यांच्या पत्त्यावरून एकच ओळ आली, 'मामा, यादी पाठवत जा.'

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

दिवे लागले. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग आलं ते कोरं पत्र. काकांनी हात जोडले.

"कुठे असते, विचारत का नाही?"

"विचारलं तर सांगेल ती मला."

"मग सांगू दे की. तुम्ही काय परके?"

काकांनी पट्टीखालचं पाणी बोटाने टिपलं.

"तेव्हा पण मलाच सांगितलं होतं गो."