बाक आणि सोळा स्क्रू

मला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय! साधा टोमॅटोसुद्धा मी दाबून, हुंगून, उजेडात धरून घेतो. बायको मला 'संशयराव' म्हणते. म्हणू दे!

तर आमच्या बागेसाठी बाक घ्यायचा होता. पावसात कुजू नये, उन्हात तडकू नये, झाडांना पाणी घालताना एकट्याला सरकवता यावा. सासरे जुने सुतार. "मी करून देतो," असं चार वेळा म्हणाले आणि चारही वेळा मी नको म्हटलं. सासऱ्यांच्या बाकावर बसायचं म्हणजे जन्मभर सासऱ्यांचे सल्ले ऐकायचे! त्यापेक्षा मी पारखून आणलेला बाक बघून एकदा तरी त्यांनी "वा, जावईबापू!" म्हणावं, एवढीच माझी इच्छा.

"कोपऱ्यावरच्या दुकानात एक आलाय," बायको म्हणाली.

जाऊन बघितला. सागवानी, हात फिरवला तर लोण्यासारखा. आणि किंमत? प्लास्टिकच्या खुर्चीएवढी!

"एवढा स्वस्त कसा हो?"

"खास तुमच्यासाठी, साहेब," दुकानदार हसला.

माझ्यासाठी? मी ह्या माणसाला जन्मात पहिल्यांदा बघत होतो! वर बायको म्हणते, "घेऊन टाका." पालेभाजीच्या जुडीवरून अर्धा तास हुज्जत घालणारी बाई, घासाघीस न करता "घेऊन टाका"? पाणी कुठंतरी मुरत होतं!

घेतला खरा. रविवारी सासरे बघायला येणार होते. शनिवारी सकाळी बायको बाहेर पडली आणि मी तपासणीला बसलो. आधी दोन बादल्या पाणी ओतलं. रंग उतरला नाही. संशयास्पद! किल्लीनं खरवडलं. आतूनही सागवानच. फारच संशयास्पद! मग बाक उलटा केला आणि बघतो तर काय, एक स्क्रू नाही, एक खिळा नाही! सापडली लबाडी! नुसता डिंकानं चिकटवलाय! उद्या सासरे टेकले की धाडकन खाली, आणि माझी अब्रू त्यांच्याही खाली!

ड्रिल काढलं आणि सोळा लांबलचक स्क्रू बसवले. चौथ्या स्क्रूला एक पाय तडकला, त्याला लोखंडी पट्टी मारली. बाक थोडा लंगडायला लागला, पण भक्कम!

रविवारी सासरे बागेत आले. वाकले. एकेका स्क्रूवर बोट ठेवत गेले.

"हे कुणी केलं?"

"त्या... त्या दुकानदारानं! मला आधीपासून त्याचा संशय होताच!"

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, कसला दुकानदार! बाक बाबांनी केलाय! तुम्ही त्यांच्याकडून घेत नाही, म्हणून आम्ही तो दुकानात नेऊन ठेवला. दोन महिने खपत होते ते. एक खिळा न मारता, लाकडात लाकूड बसवून!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "चुकलो हो बाबा," मी पुटपुटलो. सासरे तडकलेल्या पायावरून हात फिरवत राहिले. चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. शेवटी लेकीकडं वळून हळूच म्हणाले,

"तुझं लग्न ठरवताना मी म्हणत होतो ना, मुलगा जरा वाजवून घेऊ? तर तू म्हणालीस, बाबा, उगाच संशय घेऊ नका!"